लदेणीची वाट

हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. एकेकाळी मछलीपट्टणचा किनारा निजामाच्या अमलात होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १७६६ च्या तहाने तसं लिहूनही दिलं गेलं. त्यानंतर संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्याच्या चारी बाजूंना जमीनच होती. १९४७ मध्ये शेवटच्या निजामाने पोर्तुगीजांकडून गोव्यातलं बंदर मिळतं का याची चाचपणी केली, ती याच कोंडीतून. दरबाराला समुद्र हवा होता तो जहाजांसाठी. नांदेड-लातूरच्या घराघरांत त्याची गरज वरणात आणि ठेच्यात होती. आमच्या काळ्या मातीत ज्वारी पिकते, तूर, करडई, कापूस पिकतो. मीठ पिकत नाही. रेल्वे यायच्या आधी इथल्या चुलीवरचा मिठाचा प्रत्येक खडा कुणीतरी बैलाच्या पाठीवर लादून, शेकडो मैल चालून आणलेला होता.

ज्यांनी आणला त्यांत माझी माणसं होती. आम्ही गोरमाटी, बंजारा. आमचा तांडा मुखेड तालुक्यातला. दादी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, वारली तेव्हा लातूर जिल्हा वेगळा झाला नव्हता. तिनं समुद्र कधी पाहिला नाही. पण तिच्या सासूने पाहिला होता. लहानपणी, तांड्याबरोबर चालत जाऊन. त्या सासूला सगळे बुढी याडी म्हणायचे. तिच्या तोंडून दादीने ऐकलं, दादीकडून माझ्या दोन आत्यांनी आणि थोडं मी. दादी गोरमाटीत सांगायची; इथे मी ते मराठीत मांडते आहे.

बुढी याडीचा जन्म पडावावर झाला. कुठल्या पडावावर ते कुणाला माहीत नाही, कारण तांडा दुसऱ्या दिवशी उठला आणि पुढे निघाला. बाळंतिणीसाठी एका शांत बैलाची पाठ मोकळी केली, एका अंगाला कपड्यांची गोण आणि दुसऱ्या अंगाला झोळीत बाळ, असा तोल साधला. दादी हे सांगायची तेव्हा दोन्ही हात पसरून तोल दाखवायची. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर पाठ सोलते आणि पाठ सोललेला बैल महिनाभर कामातून जातो, म्हणून गोणी भरण्याचं काम अनुभवी बायांकडे असायचं. पुरुष उचलून ठेवायचे. किती भरायचं ते बाई ठरवायची. एका बैलावर सव्वाशे किलोच्या आसपास माल बसायचा. बैल दिवसाला सहा-सात मैलांवर चालवायचे नाहीत. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत थांबायचं, गोणी उतरवायच्या, जनावरं चरायला सोडायची.

हे चरणं हाच त्या धंद्याचा, म्हणजे लदेणीचा, पाया होता. गाडीला रस्ता लागतो, घाट उतरताना ती उलटते, तिच्या बैलांना वैरण विकत घ्यावी लागते. पाठीवर ओझं घेतलेला बैल पायवाटेने डोंगर उतरतो आणि वाटेतल्या गायरानात फुकट पोट भरतो. त्यामुळे धान्य-मिठासारखा स्वस्त आणि जड माल इतक्या लांब नेणं बंजाऱ्यांनाच परवडायचं. माणसांचंही तसंच. मजूर लावायचे नव्हते, सगळं कुटुंब बरोबर होतं. बायका बैल हाकायच्या, मुलं वासरं सांभाळायची, म्हातारी माणसं वाट आणि पाणवठे लक्षात ठेवायची. रात्री गोणींची थप्पी लावून भिंत उभी करायची, वर कापड ताणायचं, की घर झालं. भोवती कुत्री. नायक ठरवेल तिथे पडाव, नायक ठरवेल तेव्हा कूच.

सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली उत्तरेत असाच एक तांडा आडवा आला. त्याने त्यातले बैल चौदा हजार लिहिले आहेत. ही माणसं बायकामुलांसह सगळं घरदार बरोबर घेऊन फिरतात, असंही तो लिहितो. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल सांगतो: जिथे फक्त तांदूळ होतो तिथे गहू, जिथे गहू होतो तिथे तांदूळ, आणि जिथे मीठ नाही तिथे मीठ. ही वाक्यं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला दादीचे पसरलेले हात आठवले. दोन परके पुरुष रस्त्याच्या कडेला थांबून, बैल मोजून, लिहून पुढे गेले. तोल कसा साधायचा ते त्यांना दिसलं नाही. ते आमच्या घरात शिल्लक आहे.

फौजांनाही तांडे लागायचे. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत आसफखानाच्या सैन्याला धान्य पुरवणारे भंगी आणि जंगी हे नायक आमच्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. त्यांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते असं परंपरा सांगते. १७६० मध्ये उदगीरला सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवलं, १८०३ मध्ये असईला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला. मराठवाड्याच्या मातीवर झालेल्या या लढायांची नावं शाळेत पाठ करून घेतात. लाखभर माणसं आणि जनावरं रोज काय खात होती, हे कुणी विचारत नाही. वेलस्लीच्या पत्रांतून मात्र बंजाऱ्यांच्या बैलांची काळजी पुन्हा पुन्हा येते, कारण ते आले नाहीत तर त्याचं सैन्य उपाशी राहणार होतं. मी शाळेत शिकवते. हा धडा मी माझ्या वर्गात पुस्तकाबाहेर जाऊन शिकवते.

दादीच्या गोष्टींतला समुद्र दोन वाटांनी यायचा. एक वाट आमचे संत सेवालाल महाराज, म्हणजे सेवाभाया, यांची. १७३९ साली जन्मलेल्या सेवाभायांचा तांडाही लदेणीचाच. पोहरादेवीला त्यांची समाधी आहे. दादी सांगायची, मुंबईच्या खाडीत फिरंग्यांचं जहाज रुतलं होतं, काही केल्या हलेना, सेवाभायांनी ते मोकळं केलं आणि त्या बदल्यात त्यांना मोती मिळाले. जहाज म्हणजे काय, असं मी विचारलं की ती म्हणायची, पाण्यावरचा तांडा. दुसरी वाट तिच्या पेटीत होती. त्या पेटीत बुढी याडीच्या गोणीचा एक तुकडा होता, जाड तागाचा, कडेने कवड्या टाकलेला. आमच्या कशिद्यात, बैलाच्या झुलीवर, डोक्यावरच्या गाळण्यावर कवड्या असतातच. त्या मालदीवच्या समुद्रातून हिंदुस्थानभर जायच्या, कित्येक मुलखांत नाणं म्हणून चालायच्या. बालाघाटच्या डोंगरात, सगळ्यात जवळच्या किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर, आमच्या बाया समुद्र अंगावर शिवून हिंडत होत्या.

दिवाळी झाली की तांडा निघायचा. खरिपाची ज्वारी आणि कापूस हाती आलेला असायचा, तो घेऊन पश्चिमेला. सोलापूर, मग भीमा, विजापूर, मग कृष्णा, पुढे घटप्रभा, बेळगाव, आणि रामघाटाने खाली कोकणात. पौष-माघात पोचायचं, कारण तेव्हा मिठागरांत मीठ धरायला लागतं. वैशाख संपायच्या आत मीठ, खोबरं, सुपारी घेऊन परत वर यायचं. मृगाच्या आत घरी पोचलंच पाहिजे, हा नियम दादी बोट उभं करून सांगायची. पाऊस आला की गोणीतलं मीठ पाणी होऊन जातं, आणि काळ्या मातीत बैलाचा खूर रुतला की निघत नाही. चार महिने तांडा एका जागी, बैल चरत, बाया टाके घालत.

ही वाट तुटली ती एका वर्षात नाही, पण तिच्यावर घातलेले घाव तारखांनिशी सांगता येतात. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला, त्या बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावपर्यंत रेल्वे. गोव्यातल्या मिठागरांवर पहारे बसले. दहा वर्षांत मुरगावची रेल्वे घाट चढून आली. इकडे १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि नांदेड तिच्यावर आलं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. आगीनगाडीचा एक डबा जेवढं मीठ आणायचा, त्याला शंभराच्या आसपास बैल लागायचे. आणि डब्याला चरायला थांबावं लागत नव्हतं.

रेल्वेशी माझं भांडण नाही. लातूरची बाजारपेठ रेल्वेने मोठी झाली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर, तेव्हा भांडं घेऊन उभी राहिलेल्यांत मीही होते. माझं दुःख वेगळं आहे. धंदा गेला त्याच काळात आमच्यावर संशय बसवला गेला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि कित्येक ठिकाणी बंजाऱ्यांची नावं त्या याद्यांत चढली. फौजांनी ज्यांच्यावर जेवण सोपवलं होतं, बाजारपेठांनी ज्यांच्या शब्दावर माल सोडला होता, ती माणसं फिरतात एवढ्या कारणाने चोर ठरली. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जातींत मोडतो. देगलूरच्या पलीकडे तेलंगणात नांदलेली माझी चुलतबहीण अनुसूचित जमातीत मोडते. आम्हा दोघींची पणजी एकच, ती झोळीतली.

तांडे बसले. गायरानाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला, जिथली जमीन कुणाला नको होती तिथे. १९७२ च्या दुष्काळात दादी, माझे आईवडील आणि दोन्ही आत्या खडी फोडायला गेल्या. मुखेडच्या बाजूचे कितीतरी रस्ते त्या खडीवर उभे आहेत. मोठी आत्या अजूनही एसटीतून जाताना एका वळणावर खिडकीबाहेर बोट दाखवते: ही खडी माझी.

आणि मग ऊस आला. माझा पुतण्या दरवर्षी दिवाळीनंतर बायकोसह ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, लहान मुलं, धान्याची पोती भरायची आणि निघायचं, फडाजवळ कोपी बांधायची, कोयता चालवायचा, पाऊस सुरू व्हायच्या आत परत. कितीतरी वर्षं आम्ही त्याला असं निरोप देत आलो, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं. दाखवलं मोठ्या आत्याने.

आम्ही गेल्या वैशाखात समुद्राकडे निघालो. बुढी याडी जिथून मीठ आणायची तो मुलूख डोळ्यांनी पाहायचा, हा आत्याचा हट्ट. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतली. दोन्ही आत्या, भाऊ-भावजय, पुतण्या, त्याची बायको, मुलं, मी, माझे मिस्टर. मोठी आत्या मुखेडच्या तांड्यातली, धाकटी जळकोट तालुक्यात दिलेली. स्टोव्ह, पीठ, तिखट, पाण्याचे कॅन, अंथरूण सगळं बरोबर. विजापूर मागे पडलं, अथणी-चिकोडीचा ऊसपट्टा सुरू झाला, आणि पुतण्या बोलायला लागला. तो घरी फारसा बोलत नाही. इथे आमचा तळ होता. त्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं. त्या गावातला दुकानदार उधार देतो. या फडावर माझी धाकटी जन्मली. मोठी आत्या ऐकत होती. मग ती म्हणाली, "अरे, ही तर लदेणीच आहे. तीच दिवाळी, तोच मृग, तीच वाट."

गाडीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मी मनातल्या मनात हिशेब मांडत राहिले आणि तो अजून संपलेला नाही. चाललेली माणसं तीच, महिने तेच, नद्या त्याच. पडावावर जन्मलेली मुलगी तेव्हाही होती, आताही आहे. पण बुढी याडीच्या बापाचे बैल त्याच्या मालकीचे होते, गोणीतला माल त्याचा होता, कुठे थांबायचं ते त्याचा नायक ठरवायचा. माझा पुतण्या निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उचल असते. किती टन तोडायचं ते त्यावर ठरतं. त्याची बायको त्याच्याइतकाच ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि नवरा-बायको मिळून त्यांची गणती एक कोयता अशी होते. गोणीचा तोल ठरवणाऱ्या बायांच्या घरात हे घडतं आहे. आमच्या तांड्यातली मुलं सहा-सहा महिने शाळेबाहेर असतात; मी शिक्षिका असून त्यातली एक-दोनच थांबवू शकले, तीही घरात ठेवून घेऊन.

आंबोलीचा घाट उतरून आम्ही शिरोड्याला पोचलो. वेंगुर्ला तालुक्यातलं हे गाव मराठी वाचकांना वि. स. खांडेकरांमुळे ठाऊक असतं. त्यांनी इथल्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवलं. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं अजून आहेत. मुलं समुद्राकडे पळाली. आत्या दोघी मिठागराच्या बांधावर जाऊन बसल्या आणि काम करणाऱ्या बाईंना प्रश्न विचारत राहिल्या. भरतीचं पाणी खाडीतून आत कसं घेतात, एका कुंडीतून दुसरीत सोडत सोडत ते कसं घट्ट करतात, शेवटच्या उथळ कुंडीत ऊन लागून खडा कसा धरतो, लाकडी फळीने तो कसा ओढून घेतात. त्या बाई मालवणीत सांगत होत्या, आत्या मराठवाडी मराठीत विचारत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. खडा हातात घेऊन मोठ्या आत्याने तो जिभेवर ठेवला नाही. तिनं वजन पाहिलं. मग विचारलं, "हे ओलं आहे. ओलं मीठ पाठीवर घेत नाहीत. किती दिवस सुकवता?"

समुद्र पाहून तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही. तिनं विचारलेला प्रश्नच माझ्यासाठी जास्त मोलाचा होता. तिनं आयुष्यात एकही बैल मिठाने लादला नाही. तिच्या आईनेही नाही. आणि तरी सुकवण्याचे दिवस तिला विचारावेसे वाटले. १९२० साली निजामाच्या मुलखातल्या जाती-जमातींवर सय्यद सिराज उल हसन यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात बंजाऱ्यांवर प्रकरण आहे, कुळं आहेत, लग्नविधी आहेत. ते मी जपून ठेवलं आहे, त्याचा उपयोगही आहे. पण ओलं मीठ पाठीवर घेत नाहीत, हे ज्ञान मला बांधावर बसलेल्या म्हातारीकडून मिळालं, आणि असं आणखी किती तिच्याकडे आहे ते विचारायला माझ्याकडे फार वर्षं नाहीत. म्हणून त्या रात्रीपासून पुतण्याच्या मोबाईलवर आत्यांचं बोलणं टिपून ठेवायला आम्ही सुरुवात केली. वेंगुर्ला, मालवण, देवगड असे आम्ही किनाऱ्याने वर जात राहिलो. मुलांनी शिंपले वेचले, भावजयीने आयुष्यात पहिल्यांदा ताजा बांगडा तळला, आणि संध्याकाळी गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटला की दोघी पडावांची नावं सांगायला बसायच्या.

तिथेच भांडण सुरू झालं. दोघींनी आईकडूनच ऐकलेलं, पण वाटा दोन निघाल्या. मोठी म्हणते, तांडा अहमदपूर, लातूर, औसा करत तुळजापूरला जायचा. भवानीला नारळ फोडल्याशिवाय आपल्यातला कुणी पुढे पाऊल टाकेल का? धाकटी म्हणते, छे, उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट. तिकडे पाणी जास्त, चढ कमी, लादलेल्या बैलाला देवीपेक्षा पाणी आधी लागतं. मोठीने औशाच्या किल्ल्याजवळची एक विहीर पुराव्याला काढली. धाकटीने उदगीरच्या बाजाराचा दिवस काढला. पुतण्या मध्ये पडला आणि म्हणाला, जाताना एक आणि येताना दुसरी असेल, जाताना ज्वारीचं वजन आणि येताना मिठाचं, ते सारखं नसतं. दोघींनी त्याला गप्प बसवलं.

परतीला सोलापूरच्या अलीकडे हा वाद पुन्हा पेटला. पुढच्या वैशाखात उदगीरवरूनच यायचं, वाटेतले सगळे जुने पाणवठे मी उतरून दाखवते, असं धाकटीने जाहीर केलं. मोठी म्हणाली, तू ये तुझ्या वाटेनं, मी माझ्या वाटेनं येते, बेळगावात कोण आधी पोचतं ते बघू. ड्रायव्हरने दोन गाड्यांचं भाडं सांगितलं, आणि माझ्या भावाने वहीत ते लिहून घेतलं.